सही सगळ्यात शेवटी बघा: जुन्या सचित्र बालपुस्तकांच्या स्वाक्षरी-प्रती जमवताना

सही असलेलं जुनं बालपुस्तक हातात आलं की बोटं आपोआप शीर्षकपानाकडे जातात. तिथं शाईत नाव दिसलं की बाकीचं पुस्तक तपासायचं राहूनच जातं. नकली सह्या करणाऱ्यांचा सगळा धंदा या एका सवयीवर चालतो. म्हणून इथला क्रम मुद्दाम उलटा ठेवला आहे. आधी पुस्तक, मग वेष्टन (पुठ्ठ्यावरचं सुटं कागदी आवरण), मग आतली चित्रं, आणि या तिन्हींतून प्रत पार पडली तरच सही.

या क्रमामागे आणखी एक कारण आहे. सहीची परीक्षा करायला लागणारा पुरावा बहुतेक वेळा पुस्तकातच असतो: छपाईचं साल, कागदाची जात, पानांची शिवण, एखाद्या मुलाने लिहिलेलं नाव. पुस्तक नीट वाचलं नसेल तर सहीबद्दल कितीही वेळ बोलता येतं, पण ठरवता काही येत नाही.

कोणाची सही, कुठल्या प्रकारची

सचित्र बालपुस्तकाला अनेकदा दोन जनक असतात. ‘अ‍ॅलिस’ची गोष्ट लुईस कॅरलची, चित्रं जॉन टेनियलची. ‘विनी-द-पू’मध्ये मजकूर ए. ए. मिल्नचा, रेषा ई. एच. शेपर्डच्या. ‘शार्लट्स वेब’ ई. बी. व्हाइटचं, चित्रं गार्थ विल्यम्सची. बिअ‍ॅट्रिक्स पॉटर, मॉरिस सेंडॅक आणि डॉ. स्यूस यांनी गाजलेल्या पुस्तकांत शब्द आणि चित्र दोन्ही स्वतः केलं. जमवायला सुरुवात करण्यापूर्वी आपल्याला लेखकाची सही हवी, चित्रकाराची की दोघांची, हे ठरवून टाका. चित्रपुस्तकात आमचा कल निःशंकपणे चित्रकाराकडे आहे. मूल ते पुस्तक चित्रांसाठीच उघडतं.

सह्यांचे प्रकार एकमेकांत मिसळू देऊ नका. नुसतं नाव लिहिलेली प्रत ही सर्वांत साधी. एखाद्याला उद्देशून चार शब्द लिहिलेली प्रत वेगळी. लेखकाने स्वतःहून भेट दिलेली आणि तसं लिहिलेली प्रत त्याहून वरची. ज्याला दिली तो माणूस पुस्तकाच्या जन्माशी जोडलेला असेल, म्हणजे संपादक, मुद्रक किंवा ज्याच्यासाठी गोष्ट रचली ते मूल, तर तशी प्रत सर्वांत दुर्मीळ. सहीसोबत चित्रकाराने छोटं रेखाटन काढलेलं असेल तर तो स्वतंत्र वर्ग आहे. सेंडॅक अनेकदा सहीबरोबर चित्र काढून देत असे.

या सगळ्यांच्या खाली येतात चिकटवलेल्या सह्या: सही केलेलं कार्ड, पत्रातून कापलेला तुकडा किंवा सही असलेली नावपट्टी नंतर कुणीतरी आत डकवलेली. सही अस्सल असली तरी लेखकाने ते पुस्तक हातात घेतलं होतं असं यावरून म्हणता येत नाही. विक्रेत्याने वर्णनात नुसतं ‘स्वाक्षरीसह’ लिहिलं असेल तर सही पानावर आहे की चिकटवलेली, हे लेखी विचारा.

पहिली आवृत्ती आणि पहिली छपाई

आवृत्ती म्हणजे जुळवलेला मजकूर, आणि छपाई म्हणजे त्या जुळणीवरून एका खेपेला काढलेल्या प्रती. पहिल्या आवृत्तीच्या दहा छपाया असू शकतात. संग्राहकाला हवी असते पहिल्या आवृत्तीची पहिली छपाई. बालपुस्तकांत हा फरक ओळखणं अवघड जातं, कारण कित्येक प्रकाशकांनी कॉपीराइटचं साल तसंच ठेवून पुस्तकं वर्षानुवर्षं पुन्हा छापली.

पॉटरच्या ‘द टेल ऑफ पीटर रॅबिट’ची एक प्रत समोर आहे असं समजून बघू. शीर्षकपानाच्या मागच्या बाजूला कॉपीराइट १९०२. यावरून फक्त एवढंच कळतं की पुस्तक १९०२ च्या आधीचं नाही, कारण प्रकाशक फ्रेडरिक वॉर्नच्या नंतरच्या पुनर्मुद्रणांतही हेच साल आहे. आता मुखपुठ्ठा उघडून अस्तरपान, म्हणजे पुठ्ठ्याला आतून चिकटलेलं पान, बघा. सुरुवातीच्या छपाईत तिथं करड्या रंगातली पानाफुलांची नक्षी आहे. तिथं पॉटरच्या पात्रांची रंगीत चित्रं दिसली तर प्रत १९०३ किंवा त्यानंतरची. ही चित्रं बसवायला जागा हवी म्हणून त्या वर्षी आतली चार चित्रं काढून टाकण्यात आली, त्यामुळे चित्रं मोजली तरी हाच निकाल हाती येतो. मग पान ५१ काढा. पीटर जाळीत अडकून रडतो त्या ठिकाणी सुरुवातीच्या छपाईत ‘वेप्ट बिग टिअर्स’ असे शब्द आहेत, पुढे ते बदलून ‘शेड बिग टिअर्स’ झाले. अस्तर, चित्रसंख्या आणि एक शब्द हे तीन पुरावे एकमेकांशी जुळले तरच पुढे जायचं. ते जुळले नाहीत तर प्रत पहिल्या छपाईची समजू नका.

याच पुस्तकाला त्याआधीचाही जन्म आहे. प्रकाशक मिळेना तेव्हा पॉटरने डिसेंबर १९०१ मध्ये स्वखर्चाने २५० प्रती काढल्या आणि फेब्रुवारी १९०२ मध्ये आणखी २००. आतली चित्रं काळ्या रेषेत, रंगीत फक्त मुखचित्र. पहिल्या खेपेचा कणा सपाट, दुसऱ्या खेपेचा गोलसर. या प्रतींच्या हुबेहूब प्रतिकृतीही छापल्या गेल्या आहेत, म्हणून कणा सपाट दिसला एवढ्यावर हुरळून जाऊ नका. दहापट भिंगातून रेषा बघा. जुन्या ठशाची छपाई कागदात किंचित दबलेली असते आणि रेषेच्या कडेला शाई थोडी जास्त साचलेली असते. फोटोवरून काढलेल्या प्रतिकृतीत रेषा सपाट असते आणि तिची कड तुटक दिसते.

अमेरिकी पुस्तकांत प्रत्येक प्रकाशकाची रीत वेगळी. हार्पर बराच काळ कॉपीराइटच्या पानावर दोन अक्षरं छापत असे, पहिलं अक्षर महिन्याचं आणि दुसरं वर्षाचं. ‘शार्लट्स वेब’च्या पहिल्या छपाईवर ‘आय-बी’ आहे, म्हणजे सप्टेंबर १९५२. पुस्तक बाजारात आलं ऑक्टोबरमध्ये. दुसरी अक्षरजोडी दिसली की ती नंतरची छपाई. अलीकडच्या पुस्तकांत आकड्यांची ओळ असते आणि तिच्यातला सर्वांत लहान आकडा म्हणजे छपाईचा क्रमांक. रँडम हाउसने मात्र दीर्घकाळ उलटीच पद्धत ठेवली होती: पहिल्या छपाईत ‘फर्स्ट एडिशन’ हे शब्द आणि ओळीची सुरुवात २ पासून. दुसऱ्या छपाईला ते शब्द काढून टाकायचे. ओळीत १ नाही म्हणून चांगल्या प्रती परत केल्या जातात, आणि शब्द नसतानाही २ ला पहिली छपाई समजून पैसे मोजले जातात. दोन्ही चुका सर्रास होतात.

काही पुस्तकांत आत असं कसलंच चिन्ह नसतं. डॉ. स्यूसचं ‘द कॅट इन द हॅट’ (१९५७) हे त्यातलं ठळक उदाहरण. तिथं ओळख वेष्टनावरून आणि बांधणीवरून पटवावी लागते. वेष्टनाच्या पुढच्या फ्लॅपवर (आत दुमडलेल्या बाजूवर) किंमत ‘२००/२००’ अशी छापलेली, पुठ्ठ्यावरचा कागद चकाकी नसलेला, आणि सगळं पुस्तक एकाच जाड फर्म्यात, म्हणजे एकत्र दुमडलेल्या पानांच्या एकाच जुडीत, शिवलेलं. नंतरच्या प्रतींत पुठ्ठा गुळगुळीत, चकचकीत आहे. फर्मे मोजायला पुस्तक टेबलावर उभं धरा आणि कण्याच्या वरच्या टोकाकडून पानांच्या घड्या बघा. ताणून उघडू नका. एकाच फर्म्यात शिवलेली पुस्तकं मधोमध फाटतात ती असल्या जोरजबरदस्तीनंच.

पुरस्काराचा शिक्का हाही पुरावा आहे. सेंडॅकचं ‘व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर’ १९६३ मध्ये आलं आणि त्याला कॅल्डेकॉट पदक (अमेरिकेतलं चित्रपुस्तकांसाठीचं) मिळालं १९६४ मध्ये. म्हणून पहिल्या वेष्टनावर पदकाचा उल्लेख असूच शकत नाही आणि फ्लॅपवरची किंमत ३.५० डॉलर आहे. पदक वेष्टनावर छापलेलं असेल तर ते वेष्टन नक्की नंतरचं. सोनेरी चकती वरून चिकटवलेली असेल तर घाई करू नका, दुकानात शिल्लक राहिलेल्या आधीच्या प्रतींवरही चकत्या डकवल्या जात.

बुक क्लबच्या, म्हणजे वाचक-मंडळाच्या सभासदांसाठी वेगळ्या छापलेल्या प्रती हा नवख्यांचा सर्वांत मोठा खड्डा. फ्लॅपवर किंमत नाही, कागद हलका, आकार किंचित लहान, आणि बऱ्याच वेळा मागच्या पुठ्ठ्याच्या खालच्या कोपऱ्यात छोटा खोलगट ठसा: गोल, चौकोन किंवा ठिपका. तिरप्या उजेडात तो लगेच दिसतो. शाळा आणि ग्रंथालयांसाठी काढलेल्या मजबूत बांधणीच्या प्रतीही वेगळ्या धराव्यात. त्यांच्यावरची सही खरी असू शकते, लेखक शाळांत जात असत. पण ती पहिली व्यापारी आवृत्ती होत नाही.

एकेका लेखकासाठी सविस्तर सूचीग्रंथ आहेत. पॉटरसाठी लेस्ली लिंडरचा १९७१ चा ग्रंथ आणि डॉ. स्यूससाठी यंगर-हर्श यांचा २००२ चा, हे दोन तर पुस्तक घेण्याआधी विकत घ्यावेत असे. एक चुकीची खरेदी टळली की त्यांचे पैसे वसूल.

वेष्टन

विसाव्या शतकातल्या बालपुस्तकांची वेष्टनं मुलांच्या हातात टिकली नाहीत, म्हणून वेष्टन असलेली प्रत आणि नसलेली प्रत यांच्या किमतीत कित्येक पटींचा फरक पडतो. साहजिकच इथं लबाडीही जास्त. तीन गोष्टी तपासा.

पहिली, वेष्टन याच प्रतीचं आहे का. पुस्तकाच्या कण्यावर उन्हाने रंग उडालेला आणि वेष्टनाचा कणा ताजा असेल तर दोघं अलीकडेच एकत्र आले आहेत. खरं जुनं वेष्टन पुठ्ठ्यावर आपली सावली सोडतं. ते जिथं फाटलेलं असतं, तिथंच खालचं कापड फिकं किंवा मळकं झालेलं असतं. दुसरी, ते छापील प्रतिकृती आहे का. ३६५ नॅनोमीटरचा अतिनील टॉर्च अंधाऱ्या खोलीत मारा. कागद शुभ्र दिसावा म्हणून घालतात ती रसायनं साधारण १९५० नंतर सर्रास वापरात आली आणि ती अतिनील उजेडात निळसर चमकतात. १९२६ च्या पुस्तकाचं वेष्टन ट्यूबलाइटसारखं चमकलं तर आणखी काही तपासायची गरज उरत नाही. तिसरी, फ्लॅपचा किमतीचा कोपरा कापलेला आहे का. भेट देताना किंमत कापायची पद्धत होती, त्यामुळे कापलेला कोपरा हा गुन्हा नव्हे. पण ज्या पुस्तकाची छपाई किमतीवरूनच ओळखायची असते, तिथं तो कोपरा गेला म्हणजे पुरावाच गेला.

चित्रं मोजा, एकेक करून

आर्थर रॅकहॅम, एडमंड ड्युलॅक, के नील्सन या चित्रकारांच्या काळातल्या भेटपुस्तकांत रंगीत चित्रं वेगळ्या गुळगुळीत कागदावर छापून जाड पानावर फक्त वरच्या कडेने चिकटवलेली असत, आणि त्यांच्यापुढे मजकूर छापलेला पातळ कागदाचा पडदा असे. डिंक सुकतो, चित्र गळतं. कधी कुणी भिंतीवर लावायला काढून घेतं. रॅकहॅमच्या १९०६ च्या ‘पीटर पॅन इन केन्सिंग्टन गार्डन्स’मध्ये ५० रंगीत चित्रं आहेत. पुस्तक घेताना ५० मोजायचीच, मग ते कुणाकडूनही घ्या. चित्रांची छापील यादी असेल तर ती समोर ठेवून प्रत्येक नावावर खूण करा, कारण एक चित्र हरवलं आणि दुसऱ्या प्रतीतलं तेच चित्र दोनदा आलं तरी बेरीज बरोबर येते.

बालपुस्तकांचे खास आजार ठरलेले असतात: कोपरे चावलेले, रेषाचित्रांत रंगखडू भरलेले, शिवणीच्या घळीत बिस्किटाचा चुरा आणि त्यामागोमाग आलेल्या कसरीची भोकं, पुठ्ठा आणि पान यांचा सांधा सुटलेला. विक्रेते वापरतात ते दर्जाचे शब्दही जपून वाचावेत. ‘फाइन’ म्हणजे जवळपास निर्दोष, ‘व्हेरी गुड’ म्हणजे वापरलेलं पण नीटस, आणि ‘गुड’ म्हणजे खरं तर बऱ्यापैकी खराब.

मुलाने लिहिलेलं नाव मात्र दोष समजू नका. ‘ख्रिसमस १९०२’ अशी तारीख शाईत असेल तर ती प्रत त्या दिवसाआधी छापून झाली होती याची ती नोंद आहे. अशी नावं रबराने खोडून पान ‘स्वच्छ’ करणारे लोक पुस्तकाचा जन्मदाखला फाडत असतात.

आता सही

इथवर प्रत टिकली असेल तर खिडकीजवळ बसा, पान सपाट ठेवा आणि दिवा एका बाजूने जवळजवळ पानाला समांतर धरा.

आधी तारखांचं गणित. लेखक कधी वारला, पुस्तक कधी छापलं, आणि सही कसल्या लेखणीने केली आहे? बॉलपेन अमेरिकेच्या बाजारात ऑक्टोबर १९४५ मध्ये आला. फेल्ट-टिप पेन रुळले १९६० च्या दशकात. रॅकहॅम १९३९ मध्ये गेला आणि पॉटर डिसेंबर १९४३ मध्ये, म्हणून या दोघांची बॉलपेनमधली सही असूच शकत नाही. मिल्न १९५६ पर्यंत होता, त्यामुळे त्याच्या बाबतीत बॉलपेन शक्य आहे पण मार्कर नाही. कॅरल १८७० नंतर जवळपास वीस वर्षं जांभळी शाई वापरत असे, तेव्हा १८६५-६६ च्या सुमाराची तारीख घातलेली जांभळी सही दिसली तर थबका. नावाचंही तसंच. पॉटरने १९१३ मध्ये विल्यम हीलिसशी लग्न केलं आणि खाजगी व्यवहारात ती हीलिस झाली. लग्नाआधीची तारीख आणि हीलिस नाव एकत्र आलं तर प्रत परत करा. हे गणित पाच मिनिटांचं आहे आणि ढोबळ नकला त्यातच गळतात.

मग भिंग. जिवंत हाताची सही हवेतून कागदावर उतरते आणि हवेतच निघून जाते, म्हणून रेघेची सुरुवात आणि शेवट निमुळता असतो. नक्कल करणारा लेखणी टेकवतो, मग ओढतो. त्याच्या रेघेची दोन्ही टोकं बोथट असतात. त्यातच वळणावर बारीक कंप, मध्येच लेखणी उचलून पुन्हा जोडल्याची जागा, आणि हात जिथं विचार करायला थांबला तिथं शाईचा थेंब. निबाच्या सहीत दाबाच्या ठिकाणी टोकाची दोन पाती फाकतात आणि कडेला दोन गडद रेषा उमटतात. तिरप्या उजेडात कागदावर खाच दिसते. छापील सहीत खाच नसते, आणि भिंगाखाली ठिपक्यांची जाळी किंवा निर्जीव सपाट काळेपणा दिसतो. बालपुस्तकांत लेखकाच्या पत्राखाली अशी छापील सही बरेचदा असते आणि अनेक जण तिला खरी समजून बसतात. रबरी शिक्क्याची शाई कडेला ढकललेली दिसते. सही करणाऱ्या यंत्राची रेघ सगळीकडे एकाच जाडीची, दाबात चढउतार नसलेली आणि दोन्ही टोकांना ठिपका असलेली असते.

सर्वांत भरवशाचा पुरावा शाई आणि कागद यांच्या नात्यात आहे. कागदाला तयार होताना खळ दिलेली असते, ती शाई पसरू देत नाही. पन्नास-शंभर वर्षांत ही खळ कमजोर होते. नव्या कागदावर केलेली सही तेव्हाच सुकून रेखीव राहते, पण शंभर वर्षं जुन्या पानावर आज निब टेकवला तर शाई तंतूंमधून केसासारखी फुटते आणि मागच्या बाजूला उतरते. सहीला असे पंख फुटलेले दिसले आणि त्याच पानावरचं मुलाचं जुनं नाव मात्र रेखीव असेल, तर दोन्ही एका काळातली नाहीत. पानावर तपकिरी डाग पडलेले असतील तर सही त्यांच्यावरून गेली आहे का तेही बघा. डागाच्या जागी शाई जास्त पसरली असेल तर डाग आधीचा आणि सही नंतरची. शेवटी समोरचं पान बघा. जुनी लोहयुक्त शाई कित्येक दशकं दाबाखाली राहिली की समोरच्या पानावर सहीची फिकट तपकिरी छाया उतरते. ही छाया नकलेत आणणं फार कठीण.

वळण ताडायला नमुने लागतात आणि तेही तारीख असलेले. एकाच नमुन्याशी तुलना करू नका. त्याच दशकातले किमान पाच-सहा नमुने समोर ठेवा, शक्यतो पत्रांमधले. पॉटरच्या कागदपत्रांचा मोठा संग्रह लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे, डॉ. स्यूसचा कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सान दिएगो ग्रंथालयात. मिनेसोटा विद्यापीठातला केर्लन संग्रह, दक्षिण मिसिसिपी विद्यापीठातला डी ग्रुमंड संग्रह आणि टोरांटोच्या सार्वजनिक ग्रंथालयातला ऑस्बोर्न संग्रह खास बालसाहित्याचे आहेत. अशा संस्थांनी स्वतः प्रसिद्ध केलेल्या चित्रांवरच विसंबा. लिलावांच्या जुन्या याद्यांतले फोटो नमुना म्हणून घेऊ नका, त्यात नकला मिसळलेल्या असू शकतात आणि मग नकलेशी नक्कल जुळते. तुलना करताना अक्षरांचा आकार बघण्याऐवजी प्रमाण बघा: पहिल्या मोठ्या अक्षराच्या मानाने बाकीची अक्षरं केवढी, ओळ वर चढते की खाली उतरते, दोन शब्दांत किती जागा. आकार नक्कल करणाऱ्याला साधतो, प्रमाण सुटतं.

मर्यादित आवृत्त्या: सुरुवात इथून करा

नवख्या संग्राहकाला आम्ही सुट्या सहीच्या मागे लागण्याऐवजी प्रकाशकानेच लेखक-चित्रकाराची सही घेऊन ठरावीक प्रतींत विकलेल्या आवृत्त्या सुचवतो. सही कोणाची, किती प्रतींवर, कुठल्या पानावर हे सगळं तिथं छापलेलं असतं. रॅकहॅमच्या ‘पीटर पॅन’च्या ५०० प्रती कातडी-कागदाच्या (व्हेलम, म्हणजे कातड्यापासून केलेला कागदासारखा पदर) बांधणीत त्याच्या सहीने निघाल्या. नील्सनच्या ‘ईस्ट ऑफ द सन अँड वेस्ट ऑफ द मून’च्या (१९१४) ५००. ‘विनी-द-पू’च्या (१९२६) हातकागदावरच्या ३५० प्रतींवर मिल्न आणि शेपर्ड दोघांच्या सह्या आहेत. ‘द लिटल प्रिन्स’च्या सह्यांकित प्रती १९४३ मध्ये न्यूयॉर्कला निघाल्या, इंग्रजीत ५२५ आणि फ्रेंचमध्ये २६०. त्याच वसंतात त्याचा लेखक-चित्रकार सेंट-एक्झुपेरी युद्धावर निघून गेला आणि १९४४ मध्ये विमानासह बेपत्ता झाला. म्हणून या पुस्तकाच्या साध्या प्रतीवर त्याची सही दिसली तर दुप्पट संशय घ्यावा.

मात्र ‘मर्यादित’ म्हणजे ‘सहीची’ असं गृहीत धरू नका, क्रमांक घातलेल्या पण सही नसलेल्याही आवृत्त्या निघत. क्रमांक हाताने घातलेला आहे ना ते बघा. घोषणेचं पान, म्हणजे प्रतींची संख्या आणि सही असलेलं पान, बाकीच्या पानांसारख्याच कागदाचं आणि मूळ शिवणीतलं आहे का हे तपासा. मोडक्या मर्यादित प्रतीतलं ते एक पान काढून साध्या प्रतीत चिकटवण्याची युक्ती जुनी आहे. शिवणीच्या घळीत डिंकाची चकाकी दिसली की खरेदी थांबवायची. कातडी-कागद हवेतला दमटपणा ओढून वाकतो आणि त्याच्या रेशमी फिती बहुधा तुटलेल्या किंवा बदललेल्या असतात. हे दोन्ही क्षम्य, पण वर्णनात लिहिलेलं असायला हवं.

खरेदी

विक्रेत्याकडून हे फोटो मागा: कॉपीराइटचं पान, दोन्ही फ्लॅप, कणा, सहीचं पूर्ण पान, सही तिरप्या उजेडात, आणि समोरचं पान. ज्याच्याकडे खरोखर पुस्तक आहे त्याला दहा मिनिटांचं काम आहे. टाळाटाळ झाली तर पुढे जाऊ नका. पावतीवर छपाई, वेष्टन आणि सही या तिन्हींबद्दल स्पष्ट वाक्यं हवीत, आणि सही नकली ठरल्यास पैसे परत हेही लिहिलेलं हवं. ब्रिटनची ए.बी.ए. ही १९०६ पासूनची पुस्तकविक्रेत्यांची संघटना, अमेरिकेची ए.बी.ए.ए. आणि आंतरराष्ट्रीय आय.एल.ए.बी. यांचे सभासद आचारसंहितेने बांधलेले असतात, त्यामुळे तक्रारीला जागा राहते. सोबत येणारं ‘अस्सलतेचं प्रमाणपत्र’ देणाऱ्याच्या नावाइतकंच मोलाचं. स्वतः विक्रेत्यानेच छापलेलं असेल तर रद्दी समजा. लिलावात बोलीच्या रकमेवर खरेदीदाराचा प्रीमियम (लिलावगृहाचं जादा शुल्क) आणि कर चढतात, ते मिळवूनच आपली कमाल बोली आधी कागदावर लिहून ठेवा.

हयात चित्रकाराची सही स्वतः घ्यायची असेल तर जागा आधी ठरवा. चित्रपुस्तकांची अस्तरपानं बरेचदा गडद रंगाची असतात, त्यावर सही दिसत नाही. अर्धशीर्षकाचं (नुसतं पुस्तकाचं नाव असलेलं) किंवा शीर्षकाचं पान उघडून, आत खूणपट्टी घालून द्या. रंगद्रव्याच्या शाईचं, न फिटणारं बारीक पेन सोबत न्या. गुळगुळीत कागदावर जेल पेन पुसलं जातं आणि जाड मार्कर मागच्या पानावर उतरतो. तारीख घालायची विनंती करा. सहीनंतर दहा मिनिटं पुस्तक उघडं ठेवून, मग मध्ये आम्लविरहित पातळ कागद घालून मिटा.

ठेवणं

तापमान १६ ते २० अंश, आर्द्रता ४५ ते ५५ टक्के, आणि थेट ऊन अजिबात नाही. आर्द्रता वरचेवर बदलत राहणं ही ती थोडी जास्त असण्यापेक्षा वाईट गोष्ट, कारण पुठ्ठा, कापड आणि कागद वेगवेगळ्या वेगाने फुगतात-आक्रसतात आणि सांधे सुटतात. शाईची सही उजेडाने फिकी पडते, म्हणून सहीचं पान उघडून काचेत मांडून ठेवू नका. वेष्टनाला पॉलिएस्टर फिल्मचं कव्हर घाला. मऊ, वास येणारं पीव्हीसी प्लॅस्टिक काही वर्षांत चिकट होऊन छपाई उचलतं. फाटलेल्या जागी चिकटपट्टी कधीही लावू नका, तिचा तेलकट पिवळा डाग कागदातून निघत नाही. पॉटरच्या पुस्तकांसारखी लहान पुस्तकं उभी ठेवा. मोठी, पातळ चित्रपुस्तकं आधाराशिवाय उभी राहिली की वाकतात, ती आडवी, पण चारपेक्षा जास्त एकावर एक नकोत. कपाटातून काढताना कण्याचं डोकं ओढू नका. शेजारची दोन पुस्तकं आत ढकला आणि मधलं कण्याच्या मध्यावर धरून काढा. हात धुऊन कोरडे केले की पुरे. हातमोज्यांनी बोटांना कागद जाणवत नाही आणि पान फाटतं.

नवी प्रत लगेच बाकीच्यांत मिसळू नका. दोन आठवडे वेगळ्या बंद डब्यात, खाली काळा कागद घालून ठेवा. काळ्या कागदावर बारीक भुसा पडला तर आत कीड जिवंत आहे. अशी प्रत पॉलिथिन पिशवीत हवा काढून बंद करा आणि उणे १८ अंशांवर दोन आठवडे गोठवा, मग पिशवी न उघडता एक पूर्ण दिवस खोलीच्या तापमानाला येऊ द्या. पिशवी आधी उघडली तर हवेतलं पाणी थंड पानांवर जमतं आणि सहीची शाई पसरते. चिकटवलेली चित्रं किंवा कातडी-कागदाची बांधणी असलेली प्रत मात्र गोठवू नका, ती कागद-संवर्धकाकडे द्या.

प्रत्येक प्रतीची वेगळी नोंद ठेवा: कुठून आली, काय दिलं, छपाई कशावरून ठरवली, चित्रं किती मोजली, सहीचे कुठले नमुने ताडले, काय संशय उरला. पावती, पत्रव्यवहार आणि सगळे फोटो त्याच पाकिटात. ते पाकीट पुस्तकाच्या आत नको, शेजारी ठेवा. आत ठेवलं की कणा ताणला जातो आणि पावतीच्या आम्लयुक्त कागदाचा तपकिरी चौकोन शीर्षकपानावर, नेमका सहीच्या अंगाला उमटतो.